लाउडनची उरलेली शेती: झोनिंगवर किती विसंबायचे?

ब्लूरिज (धागाकर्ता):

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या लाउडन काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आता इतकी मराठी कुटुंबे राहतात की ॲशबर्न, ब्रॅम्बलटन, साउथ रायडिंग ही नावे पुण्यामुंबईच्या अनेक घरांत सहज घेतली जातात. १९८० च्या जनगणनेत या काउंटीची लोकसंख्या ५७,४२७ होती. २००० मध्ये ती १,६९,५९९ झाली आणि २०२० मध्ये ४,२०,९५९. चाळीस वर्षांत सातपट वाढलेल्या काउंटीचा पूर्व भाग घरे, शाळा, दुकाने आणि डेटा सेंटरांनी भरून गेला आहे. पश्चिमेकडचा, म्हणजे पर्सेलव्हिल, लव्हेट्सव्हिल, हिल्सबरो, मिडलबर्ग या गावांभोवतीचा भाग मात्र अजून शेतीचा आहे. काउंटीच्या एकूण क्षेत्रापैकी साधारण दोन तृतीयांश जमीन या ग्रामीण पट्ट्यात येते. हा पट्टा पुढच्या पिढीपर्यंत शेतीचाच राहावा यासाठी नेमके काय करायला हवे, याची चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

या जमिनीचे मोल तिच्या इतिहासावरूनही कळते. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तंबाखू आणि मक्याने येथील माती पार थकली होती. जॉन बिन्स नावाच्या लाउडनच्याच एका शेतकऱ्याने जिप्समची भुकटी, क्लोव्हरचे द्विदल पीक आणि खोल नांगरट यांची जोड देऊन ती पुन्हा उभी केली. त्याची पद्धत पुढे ‘लाउडन पद्धत’ म्हणून ओळखली गेली आणि थॉमस जेफरसनने तिची वाखाणणी केली. आज ज्या शेतांत मका, सोयाबीन, चारा आणि द्राक्षे दिसतात, त्यांच्या मातीत एवढ्या पिढ्यांची मेहनत आहे. ती एकदा ड्राइव्हवे आणि पायाखाली गेली की परत मिळत नाही.

झोनिंग म्हणजे कोणत्या जमिनीवर काय आणि किती बांधता येईल हे ठरवणारे नियम. सर्वसाधारण समज असा आहे की ‘तिकडे झोनिंग आहे, त्यामुळे तिकडे काही होणार नाही’. माझे म्हणणे नेमके याच समजाविरुद्ध आहे. २००३ मध्ये त्या वेळच्या काउंटी बोर्डाने, म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या कारभारी मंडळाने, पश्चिम भागात घरांची घनता मोठ्या प्रमाणात कमी केली. कुठे दहा एकरांमागे एक घर, कुठे वीस, तर कुठे पन्नास. त्याविरुद्ध दोनशेच्या आसपास दावे दाखल झाले. मार्च २००५ मध्ये व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हे नियम रद्द केले. घनता कमी करणे चूक आहे, असे न्यायालयाने म्हटले नव्हते. सुनावणीपूर्वी वर्तमानपत्रात दिलेल्या जाहीर सूचनेत नेमके काय बदलणार आहे याचे पुरेसे वर्णन नव्हते, एवढ्यावरून सगळे रद्द झाले. परिणाम असा झाला की बऱ्याच जमिनीवर तीन एकरांमागे एक घर हा जुना नियम पुन्हा लागू झाला आणि डिसेंबर २००६ मध्ये नवे, तडजोडीचे झोन मंजूर होईपर्यंत अनेक वसाहतींचे अर्ज दाखल झाले.

आज लागू असलेल्या झोनपैकी उत्तरेकडच्या झोनमध्ये, घरे एकत्र गटाने बांधली तर पाच एकरांमागे एक घर बांधता येते. म्हणजे शंभर एकरांच्या शेतात वीस घरे, आणि तीही बोर्डाच्या वेगळ्या मंजुरीशिवाय. उरलेली ७० टक्के जमीन मोकळी ठेवायची असते, पण मोकळी म्हणजे शेतीयोग्य असे नाही. पर्सेलव्हिलच्या उत्तरेला अशा एका वसाहतीची मोकळी जमीन मी पाहिली आहे. ओढ्याकाठचा पाणथळ पट्टा, एक खडकाळ चढ आणि घरांच्या मागून गेलेली कुंपणाची अरुंद पट्टी एवढेच तिच्यात आहे. पेरणीचे यंत्र तिथे वळवायलासुद्धा जागा नाही. कागदावर ही जमीन ‘जतन’ झाली आहे.

पोटोमॅकच्या पलीकडे मेरीलँडमधील माँटगोमेरी काउंटीने १९८० मध्ये वेगळा मार्ग धरला. त्यांनी सुमारे ९३,००० एकरांचे, म्हणजे काउंटीच्या जवळजवळ एक तृतीयांश क्षेत्राचे, कृषी राखीव क्षेत्र घोषित केले आणि घनता कमी करतानाच शेतकऱ्याला त्याचा मोबदला मिळण्याची व्यवस्था केली. ४५ वर्षे उलटली, लोकसंख्या दहा लाखांपुढे गेली, तरी ते क्षेत्र टिकून आहे. झोन हा बोर्डाच्या बहुमताचा निर्णय असतो आणि बहुमत दर चार वर्षांनी बदलू शकते. जमिनीच्या दस्तावर नोंदलेला, विकासहक्क (त्या जमिनीवर घरे बांधण्याचा हक्क) कायमचा सोडून दिल्याचा करार मात्र कोणत्याही निवडणुकीत बदलत नाही. म्हणून लाउडनने झोनिंगला या करारांची जोड द्यावी आणि त्यासाठी पैसा उभा करावा, असे माझे ठाम मत आहे. माँटगोमेरीत राहणाऱ्यांनी तिथला अनुभव सांगावा.

रॉकव्हिलकर:

धागा काढल्याबद्दल आभार. मी माँटगोमेरीत राहतो, म्हणून तिथली यंत्रणा प्रत्यक्षात कशी चालते ते थोडे विस्ताराने लिहितो.

१९८० पूर्वी तिथे पाच एकरांमागे एक घर असा नियम होता. तो शेतीला तारक ठरेल असे वाटले होते, पण घडले उलटे. पाच एकर हे शेतीसाठी फार कमी आणि अंगणासाठी फार जास्त, त्यामुळे शेतांचे मोठमोठ्या हिरवळींत रूपांतर होऊ लागले. रॉइस हॅन्सन हे त्या काळी नियोजन मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्या पुढाकाराने घनता पंचवीस एकरांमागे एक घर अशी केली गेली. शंभर एकर असलेल्या शेतकऱ्याची वीस घरांची शक्यता एका रात्रीत चारावर आली, आणि त्याने संतापणे स्वाभाविक होते. त्या काळच्या सुनावण्यांत शेतकरीच सर्वात मोठे विरोधक होते, हे आज विसरले जाते.

त्यावर तोडगा म्हणून हस्तांतरणीय विकासहक्क, म्हणजे टीडीआर आला. जुन्या हिशेबाप्रमाणे पाच एकरांमागे एक टीडीआर शेतकऱ्याच्या नावे धरला गेला. शंभर एकरांना वीस टीडीआर. त्यातले चार त्याने स्वतःच्या चार घरांसाठी ठेवायचे आणि उरलेले सोळा विकायचे. विकत घेणारा बिल्डर ते सिल्व्हर स्प्रिंगसारख्या, रस्ते आणि सेवा आधीच असलेल्या ठरावीक भागांत वापरून तिथे नेहमीपेक्षा जास्त घरे बांधतो. विक्री होताच शेतावर कायमच्या निर्बंधाची नोंद होते. पैसा सरकारी तिजोरीतून न जाता बिल्डरच्या खिशातून जातो, ही या योजनेची खरी ताकद आहे. एकट्या टीडीआरमुळे पन्नास हजारांहून अधिक एकर कायमचे सुरक्षित झाले आहेत.

योजना निर्दोष मात्र नाही. ज्या भागांत टीडीआर उतरवायचे, तिथल्या रहिवाशांनी जोरदार विरोध केला आणि १९८७ मध्ये मेरीलँडच्या अपील न्यायालयाने ते भाग ठरवण्याची मूळ पद्धत अवैध ठरवली. काउंटीला झोनिंग दुरुस्त करून ती नव्याने बसवावी लागली. दुसरी उणीव हळूहळू लक्षात आली. बहुतेक शेतकऱ्यांनी सोळा हक्क विकले आणि शेवटचे चार राखून ठेवले. ते सर्वात मौल्यवान असतात, कारण त्यांच्यावर खरोखर घर उभे राहू शकते. म्हणून काउंटीने नंतर हे शेवटचे हक्क संपवण्यासाठी जास्त मोबदल्याची वेगळी योजना आणली.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे बाहेरच्यांचे लक्ष जात नाही: माँटगोमेरीने राखीव क्षेत्रात सांडपाण्याची सार्वजनिक वाहिनी जाऊ दिली नाही. वाहिनी गेली की घरे जाणारच. झोनचा नकाशा पाहण्याआधी सीवरचा नकाशा पाहावा, असे मी प्रत्येकाला सांगतो. पुढे २०१२ मध्ये मेरीलँडने राज्यपातळीवर कायदा करून सेप्टिक टाक्यांवरच्या मोठ्या वसाहतींनाही आळा घातला.

हवेलीकर:

टीडीआर हा शब्द आम्हा महाराष्ट्रातल्या लोकांना बिल्डरच्या तोंडून ऐकायची इतकी सवय आहे की शेत वाचवण्यासाठीही तो वापरता येतो, हे वाचून थांबून विचार करावा लागला. मुंबईत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने टीडीआर आणला. रस्ता, बगीचा, शाळा यांच्या आरक्षणाखालची जमीन सोडायची आणि मोबदल्यात दुसरीकडे चटईक्षेत्र घ्यायचे. पुण्यात टेकड्यांच्या बाबतीत त्याचा थोडा वेगळा उपयोग करण्याचा प्रयत्न झाला. २३ समाविष्ट गावांतली सुमारे ९७८ हेक्टर टेकडी-जमीन जैवविविधता उद्यानासाठी आरक्षित झाली आणि मोबदला म्हणून ८ टक्के टीडीआर ठरला. जमीनमालकांना तो अगदीच अपुरा वाटला, म्हणून जमिनी हस्तांतरित झाल्याच नाहीत आणि कडेकडेने बांधकामे होत राहिली. त्यामुळे माझे म्हणणे असे की यश टीडीआर या कल्पनेत नसून मोबदला किती आणि तो खरोखर हातात पडतो का, यात आहे.

माझे गाव पुण्याच्या पूर्वेला आहे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. २०२३ मध्ये किमान क्षेत्र बागायतीला दहा गुंठे आणि जिरायतीला वीस गुंठे ठरले. तरीही आमच्या शिवारात एक-दोन गुंठ्यांचे व्यवहार वर्षानुवर्षे होत आले. वीस-पंचवीस खरेदीदारांची नावे एकाच सातबाऱ्यावर सामाईक चढवायची, जागेवर चुन्याच्या रेषा मारायच्या, आणि प्रत्येकाने आपापला तुकडा सांभाळायचा. कालव्याचे पाणी असलेल्या उसाच्या रानात मी अशा रेषा पाहिल्या आहेत. विकणाऱ्याला दोष देणे मला जमत नाही. मुलीचे लग्न, आजारपण, विहिरीवरचे कर्ज आणि एकरी उत्पन्नाच्या शंभरपट मिळणारा भाव समोर असताना तो काय करणार?

म्हणून ब्लूरिज यांना माझा प्रश्न आहे. शेतकऱ्याची जमीन हीच त्याची म्हातारपणची पुंजी असते. लाउडनमध्ये ती अडकवून न ठेवता शेती राखण्याचे आज कोणते मार्ग आहेत?

ब्लूरिज:

हवेलीकर, आपला प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे आणि याच प्रश्नाला बगल दिल्यामुळे २००३ चा निर्णय इतका कडवट ठरला, असे मला वाटते.

आज व्हर्जिनियात मुख्यतः तीन गोष्टी आहेत. शेतजमिनीवरचा मालमत्ता कर बाजारभावाऐवजी शेती-मूल्यावर आकारला जातो. त्यासाठी किमान पाच एकर शेतीखाली असावे लागतात. जमिनीचा वापर बदलला तर मागच्या पाच वर्षांचा वाचलेला कर व्याजासह भरावा लागतो. याने शेतकऱ्याला श्वास घेता येतो, पण जमीन विकत घ्यायला निघालेल्या बिल्डरला पाच वर्षांचा कर म्हणजे किरकोळ खर्च आहे. दुसरी गोष्ट, विकासहक्क दान केल्यास त्या हक्काच्या मूल्याच्या ४० टक्के रकमेएवढी राज्याच्या आयकरात थेट सूट मिळते आणि ती सूट दुसऱ्याला विकताही येते. ज्याचे आयकराचे देणेच थोडे आहे अशा शेतकऱ्याला ही विक्रीची सोय फार उपयोगी पडते. तरीही दान ते दानच; हक्काच्या पूर्ण किमतीपेक्षा पदरात बरेच कमी पडते, म्हणून ते मुख्यतः मिडलबर्गच्या बाजूच्या सधन मालकांना परवडते.

तिसरी गोष्ट काउंटीने हक्क रोख विकत घेण्याची. शेजारच्या फॉकियर काउंटीने २००२ पासून ती चिकाटीने चालवली आणि दहा हजार एकरांहून अधिक शेती त्या मार्गाने सुरक्षित केली. लाउडननेही तो प्रयोग सुरू केला होता, पण बोर्ड बदलल्यावर तो गुंडाळला गेला. पेनसिल्व्हेनियाच्या मतदारांनी १९८७ मध्ये यासाठी दहा कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले, आणि तिथल्या एकट्या लँकेस्टर काउंटीत आज एक लाख एकरांहून अधिक शेती कायमची राखलेली आहे. डेटा सेंटरांच्या करातून लाउडनला जेवढे उत्पन्न मिळते, तेवढे फॉकियरला कधीच मिळाले नाही. तेव्हा पैसा नाही हे कारण आपल्या काउंटीला सांगता येणार नाही.

काळीमाती:

मी मृदाशास्त्राशी संबंधित काम करते, म्हणून एका मुद्द्याची भर घालते. पश्चिम लाउडनमध्ये घरे नेमकी सर्वात चांगल्या शेतजमिनीवरच का उभी राहतात, याचे उत्तर मातीतच आहे.

तिथे सार्वजनिक सीवर नाही, त्यामुळे प्रत्येक घराला सेप्टिक टाकी आणि सांडपाणी जमिनीत मुरवण्याचे क्षेत्र लागते. त्यासाठी आरोग्य विभाग माती तपासतो. थर खोल हवा, निचरा चांगला हवा, उतार सौम्य हवा आणि भूजल पुरेसे खाली हवे. मक्याला किंवा अल्फाल्फाला लागणाऱ्या मातीचे वर्णनही शब्दशः हेच आहे. ज्या मातीत पाणी साचते किंवा जिच्याखाली दोन फुटांवर खडक लागतो, ती शेतीलाही नको असते आणि सेप्टिकलाही. साहजिकच आराखडा करणारा अभियंता घरे पहिल्या प्रतीच्या मातीवर बसवतो आणि उरलेले निकृष्ट क्षेत्र ‘मोकळी जागा’ म्हणून दाखवतो. ब्लूरिज यांनी पाहिलेला पाणथळ पट्टा आणि खडकाळ चढ ही याच तपासणीची थेट निष्पत्ती आहे, कोणा एका बिल्डरची वाईट नियत नव्हे.

केवळ ‘७० टक्के मोकळी’ या अटीने काही साधत नाही ते यामुळेच. पहिल्या प्रतीच्या मातीपैकी बहुतांश भाग एकसंध राहिला पाहिजे, अशी अट हवी आणि त्या तुकड्याला यंत्रे जाण्यायोग्य स्वतंत्र वाट हवी. मातीचे नकाशे अमेरिकेच्या कृषी खात्याने तयार केलेले आहेत आणि कोणालाही विनामूल्य पाहता येतात. सुनावणीला जाण्यापूर्वी त्या विशिष्ट शेताचा नकाशा काढून न्यावा. बोलण्यापेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो, असे मी पाहिले आहे.

नवीन_पत्ता:

चर्चा चांगली आहे, परंतु दुसरी बाजूही नोंदवतो. आम्ही दोघे नोकरी करतो, दोन मुले आहेत आणि गेली काही वर्षे भाड्याच्या टाउनहाउसमध्ये राहतो. घरांच्या किमती आमच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत. प्रत्येक ठिकाणी नव्या घरांना विरोध होतो. कुठे शेती वाचवायची म्हणून, कुठे शाळा भरल्या म्हणून, कुठे रहदारी वाढते म्हणून. आधी आलेल्यांनी दार लावून घ्यायचे आणि नंतर येणाऱ्यांनी कुठे जायचे? शेती वाचवण्याच्या नावाखाली काही शेकडो एकरांच्या घोड्यांच्या इस्टेटीच सुरक्षित होत असतील, तर माझ्यासारख्याने कर भरून त्याला हातभार का लावावा?

रॉकव्हिलकर:

नवीन_पत्ता, आपला आक्षेप न्याय्य आहे आणि जो कोणी शेती राखण्याची बाजू मांडतो त्याने याचे उत्तर दिलेच पाहिजे. पश्चिम लाउडनमध्ये पाच किंवा वीस एकरांवर जी घरे होतात, ती आपल्यासाठी नसतात. ती मोठी, विहीर-सेप्टिकवाली, पूर्ण पट्ट्यातली सर्वात महाग घरे असतात. शंभर एकर शेत संपवून वीस कुटुंबांची सोय होते. तेवढीच वीस घरे मेट्रो स्थानकाजवळ एका एकराच्या आत बसतात. वॉशिंग्टन मेट्रोची सिल्व्हर लाइन नोव्हेंबर २०२२ मध्ये ॲशबर्नपर्यंत पोचली आहे. घनता तिथे वाढायला हवी. टीडीआरची दोन टोके असतात आणि दुसरे टोक म्हणजे जास्त घरे. वॉशिंग्टन परिसरासाठी १९६४ साली जो आराखडा झाला, त्यात वाढ वाहतुकीच्या मार्गांलगत आणि त्यांच्या मधल्या पाचरीत शेती, असेच सूत्र होते. माँटगोमेरीने शेतीची पाचर राखली, पण मार्गांलगत पुरेशी घरे बांधली नाहीत, ही तिथली मोठी उणीव आहे आणि त्याची किंमत तरुण कुटुंबे मोजत आहेत. जो सुनावणीत शेतीच्या बाजूने बोलतो, त्याने ॲशबर्न स्थानकाशेजारच्या उंच इमारतींच्या बाजूनेही तेवढ्याच आवाजात बोलले पाहिजे.

मांडवीकाठ:

गोव्यातून लिहीत आहे. झोन बदलतो आणि नोंदणीकृत करार टिकतो, हा मूळ लेखातला मुद्दा आम्हाला फार जवळचा आहे. २००७ मध्ये लोकांच्या आंदोलनापुढे सरकारला प्रादेशिक आराखडा २०११ (त्या सालापर्यंतच्या जमीनवापराचा) मागे घ्यावा लागला. त्यानंतर प्रादेशिक आराखडा २०२१ आला. पुढे २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) घालून, आराखड्यातील अनवधानाने झालेल्या चुका दुरुस्त करण्याच्या नावाखाली एकेका भूखंडाचा झोन बदलण्याची वाट काढली गेली. भातशेती, डोंगरउतार, बागायती यांचे तुकडे एकामागून एक वसाहतीच्या झोनमध्ये गेले. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यासाठीचे नियम रद्द ठरवले. आमच्याकडे नकाशे उत्तम रंगवलेले आहेत, पण शेतकऱ्याच्या हातात शेत राखल्याचा मोबदला कधीच पडला नाही. खाजन शेतीचे, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतीचे, बांध कोण राखणार, हा प्रश्न म्हणूनच दरवर्षी उभा राहतो.

मंजिरी:

जमीन राखली तरी ती कसणार कोण, यावर कोणी लिहिलेले दिसले नाही. अमेरिकेच्या २०२२ च्या कृषिगणनेनुसार शेती करणाऱ्यांचे सरासरी वय ५८.१ वर्षे आहे. लाउडनमध्ये तर विकासहक्क काढून घेतल्यानंतरही जमिनीची किंमत नव्याने शेती करू पाहणाऱ्याला झेपत नाही, कारण शांत, मोकळ्या परिसरातले घर म्हणून ती विकत घेणारे श्रीमंत गिऱ्हाईक असतेच. परिणामी कसणारे बरेचसे भाडेपट्ट्यावर असतात आणि पट्टा बहुधा वर्षाचा असतो. ज्याला पुढच्या वर्षी हे शेत आपल्याकडे असेल की नाही हे ठाऊक नाही, तो त्यात चुना का घालेल, ठिबक का बसवेल, कुंपण का दुरुस्त करेल?

आमच्या भागात एक जोडपे भाड्याच्या थोड्या जमिनीवर भाजीपाला करते. शनिवारच्या बाजारात त्यांच्या टेबलावर मक्याची कणसे आणि टोमॅटोच्या शेजारी भेंडी, मेथी आणि हिरव्या मिरच्या असतात आणि मराठी, तेलुगू, गुजराती बायकांची तिथे सकाळीच गर्दी होते. मागच्या हंगामात मालकाने जमीन विकायला काढली आणि त्यांना हिवाळ्यात दुसरी जागा शोधावी लागली. नव्या जागेची माती सुधारायला त्यांना पुन्हा काही वर्षे जातील. करारात जमीन शेतीखालीच ठेवण्याची आणि दीर्घ मुदतीच्या पट्ट्याची अट घालता आली, तर अशा लोकांना खरा आधार मिळेल. काउंटीने स्वतःच्या मालकीची जमीनही लांब मुदतीवर द्यावी.

ब्लूरिज:

मंजिरी, आपण सुचवलेली अट मूळ मागणीत घालायलाच हवी, ती माझ्या लेखातून सुटली होती. विकासहक्काच्या करारात मालकाच्या इच्छेनुसार अटी जोडता येतात. ‘शेती करता येईल’ आणि ‘शेती केली पाहिजे’ या दोहोंतला फरक तिथेच ठरतो.

डेटा सेंटरांबद्दल मी वर फक्त पैशाच्या अंगाने लिहिले, पण त्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. ती उभी आहेत पूर्वेला, आणि मार्च २०२५ पासून बोर्डाच्या मंजुरीविना नवी उभारता येत नाहीत. पण त्यांना लागणारी वीज दूरवरून आणावी लागते. मेरीलँडमध्ये बाल्टिमोर, कॅरोल आणि फ्रेडरिक या काउंट्यांतून सुमारे ६७ मैलांची उच्चदाब वाहिनी प्रस्तावित आहे. तिला तिथल्या शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला आहे, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या शेतांवर कायमचे करार झालेले आहेत. सार्वजनिक उपयोगितेसाठी सक्तीने जमीन घेण्याच्या अधिकारापुढे असा करारही पूर्णपणे अभेद्य नसतो, हे मान्य करूनच मी त्याची बाजू घेतो. निदान वाहिनी नेणाऱ्याला प्रत्येक शेतापाशी थांबून कारण द्यावे लागते आणि न्यायालयात जावे लागते.

हवेलीकर:

उत्तरांबद्दल आभारी आहे. शेवटचा एक व्यवहारी प्रश्न: व्हर्जिनियाच्या कायद्यात माँटगोमेरीसारखा टीडीआर आणता येतो का? तसे असेल तर लाउडनने तो अजून का आणला नाही?

ब्लूरिज:

कायद्याने येतो. व्हर्जिनियात काउंटीला राज्याने दिलेलेच अधिकार असतात, आणि टीडीआरचा अधिकार राज्याने २००६ मध्ये दिला. विंचेस्टरच्या बाजूच्या, व्हर्जिनियातल्याच फ्रेडरिक काउंटीने (मेरीलँडमधली वेगळी) तशी योजना केलीही आहे. लाउडनमध्ये अडचण बाजाराची आहे. इथे बिल्डरला जास्त घरे हवी असतील तर तो झोन बदलण्याचा अर्ज करतो, रस्ता किंवा शाळेसाठी काही देण्याचे कबूल करतो आणि बोर्ड मंजुरी देते. दुसऱ्या दाराने जास्त घरे मिळत असताना तो शेतकऱ्याकडून हक्क विकत का घेईल? त्यामुळे टीडीआर आणायचा तर मेट्रो स्थानकांभोवतीच्या वाढीव घनतेचा काही ठरावीक हिस्सा केवळ टीडीआरमधूनच मिळेल, असे बोर्डाने आधी ठरवावे लागेल, आणि त्यासाठी राज्याच्या कायद्यात दुरुस्ती लागते का हे काउंटीच्या वकिलांकडून लेखी घ्यावे लागेल. तोवर फॉकियरसारखी रोख खरेदीची योजना पुन्हा सुरू करता येते. तिला नव्या कायद्याची गरज नाही, फक्त अर्थसंकल्पात एक ओळ लागते.

अर्थसंकल्पाच्या सुनावण्या लीसबर्गमध्ये दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीस होतात आणि काउंटीच्या कोणत्याही रहिवाशाला तिथे बोलता येते. नागरिकत्वाची अट नाही. जे येऊ शकतील त्यांनी या धाग्यावर कळवावे. काळीमाती यांनी सांगितल्याप्रमाणे मातीचे नकाशे मी काढून ठेवतो, आणि भाडेपट्ट्याच्या अटीचा मसुदा मंजिरी यांनी लिहावा अशी त्यांना विनंती आहे.

मंजिरी:

लिहिते. त्या जोडप्याशीही बोलून घेते, कारण पट्टा किती वर्षांचा असला म्हणजे ठिबक बसवणे परवडते हे तेच नेमके सांगू शकतील.